जो वाजवेल त्याची गिटार

दिवाणाच्या पोटात रजया असतात, असा शुभदाचा लग्नापासूनचा समज होता. डिसेंबरातल्या एका सकाळी पाहुण्यांसाठी रजई काढावी म्हणून तिनं दिवाणाची फळी उचलली, तर आत मखमली अस्तराच्या खोक्यात एक गिटार डाराडूर झोपलेली.

"अहो! ही कधी आली?"

अच्युत पागनीस दाढी करत होते. मान न वळवता आरशातूनच म्हणाले, "ती? ती तर पुरानी आहे."

"पुरानी आहे ते दिसून राहिलंय. आपल्या घरात कधी आली ते विचारलं."

"त्याला पण आता टाइम झाला."

"आणि रजया?"

"बेबीताईंकडे ठेवल्यात. त्यांची आलमारी खालीच पडली होती, एकदम रिकामी."

शेजारणीच्या आलमारीत आपल्या रजया आणि आपल्या दिवाणात गिटार, हे ऐकून शुभदानं फळी अशी आपटली की आतल्या तारा झणझणल्या. पागनीसांनी डोळे मिटून घेतले. "ऐकलंस? काय आवाज आहे!"

पागनीस इंदुरात विमा कंपनीत अधिकारी होते, पण ते पोटापुरतं. त्यांचं खरं लक्ष जुन्या स्टील, म्हणजे हवाईयन गिटारींमध्ये. पोरं गळ्यात अडकवून झटके देतात ती गिटार नव्हे. ही मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून घसरवत न्यायचा. मग ती माणसाच्या गळ्यासारखी गाते. हिचीच मोठी बहीण म्हणजे कन्सोल. ती चार पायांवर उभी असते, तिला शेजारी शेजारी दोन पट्ट्या असतात आणि शिलाई मशीनपुढे बसावं तसं तिच्यापुढे बसायचं. मांडीवरच्या गिटारी पागनीसांकडे पलंगाखाली, माळ्यावर, दाराआड, जागा मिळेल तिथे होत्या. कन्सोल मात्र नव्हती.

आणखी एक गोष्ट नव्हती. पागनीसांना गिटार वाजवता येत नव्हती. कोणी तसं बोललंच, तर ते शांतपणे विचारायचे, "जुनी नाणी जमवणारा काय घरात टांकसाळ उघडून बसतो?" पागनीसांचा आत्मविश्वास ही चीजच तशी होती. स्वतःला पोहता येत नसताना त्यांनी दोन भाच्यांना काठावर उभं राहून पोहायला शिकवलं होतं, आणि भाचे तरंगलेही होते.

अशा माणसाला समीरचा फोन आला. समीर लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा, त्यामुळे गावात कोणाच्या घरी काय वाजतं आणि काय वाजायचं थांबलंय, हे त्याला बरोबर ठाऊक असायचं.

"भिया, स्नेहलतागंजात एक कन्सोल आहे. सुनंदाबाई रेशीमवाले म्हणून एक काकू आहेत, त्यांच्याकडे. पण देत नाहीत कोणाला. मुंबईचे दोघं येऊन गेले. कलकत्त्याहून तर एक जण प्लेननी आला आणि चहा पिऊन परत गेला."

"ते मी नव्हतो ना," पागनीस म्हणाले आणि बुटात पाय घातला.

सुनंदाबाई ऐंशीच्या घरातल्या, पण पाठ पट्टीसारखी सरळ. त्यांनी चहा दिला, शेव दिली आणि खिडकीजवळच्या एका टेबलावरचं भरतकामाचं कापड उचललं. टेबल नव्हतंच ते. पागनीसांच्या हातातली शेव हातातच राहिली. मध रंगाचं लाकूड, दोन्ही पट्ट्यांवर आठ आठ तारा, एका बाजूला जरासं झिजलेलं पॉलिश. पागनीस गुडघ्यांवर बसले, खाली वाकले, मग जवळजवळ आडवेच झाले आणि तिथून बोलू लागले. लाकूड कुठलं, तारांचा आवाज पकडणारे पिकप कुठल्या जातीचे, पाय मूळचे आहेत की बदललेले, हे सगळं त्यांनी सांगितलं. सुनंदाबाई कौतुकानं ऐकत होत्या.

"एवढं तर मला पण माहीत नव्हतं. वाजवता का?"

"मतलब काय काकू! रोज." शब्द तोंडातून निघून गेला आणि मगच पागनीसांना ऐकू आला.

"मग वाजवा ना."

पागनीसांनी एका तारेला बोट लावलं. नशिबानं ती गंजलेली होती. "तारा गेल्यात काकू. अशा तारांवर वाजवणं म्हणजे वाद्याचा अपमान आहे. मी नवीन तारा चढवून देतो."

"वा! असं म्हणणारे तुम्ही पहिलेच." सुनंदाबाई खूश झाल्या. "मग पुढच्या रविवारी वाजवा. मी चार लोकांना बोलावते. पैसे मला नकोत अच्युतराव. माझी एकच अट आहे, जो वाजवेल त्याची गिटार. रविवारी वाजवा आणि इथूनच घेऊन जा."

चार लोक म्हणजे इंदुरात किती, याचा पागनीसांना अंदाज असायला हवा होता. सुनंदाबाईंनी चौघांना सांगितलं, त्या चौघांनी आपापल्या ग्रुपवर टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी शुभदाच्या फोनवर पागनीसांचाच फोटो येऊन पडला. भोवती मोगऱ्याच्या फुलांची चौकट आणि खाली मजकूर, 'हवाईयन गिटारचे जादूगार श्री. अच्युत पागनीस. नंतर अल्पोपहार.' फोटो एका लग्नातला होता आणि कोपऱ्यात श्रीखंडाची वाटी दिसत होती.

"सांवेरहून वन्संचा फोन होता," शुभदा म्हणाली. "म्हणून राहिल्या, दादा एवढा छुपा रुस्तम निघाला आणि वहिनी, तुम्ही बोलल्या पण नाही. मी काय सांगू त्यांना?"

"सांग, येतोय म्हणून."

"पण वाजवणार कोण?"

"आठवडा पडलाय अजून. लोक आठवड्यात गाडी चालवायला शिकतात."

त्या संध्याकाळपासून पागनीस शिकायला लागले. मांडीवर गिटार, समोर मोबाइलवर शिकवणारा एक गोरा माणूस. तो दांडा सरकवायचा आणि झुळूक आल्यासारखं वाटायचं. पागनीसांनी सरकवला की मांजराच्या शेपटीवर कोणी स्कूटर उभी केल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या दिवशी बेबीताई सगळ्या रजया घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"घ्या तुमच्या रजया. आणि भावजी, ते जे काय करून राहिले ना, ते बंद करा. आमच्या घरी पेशंट आहे."

"कोण आजारी आहे?"

"परवापर्यंत कोणी नव्हतं!"

तिकडे ऑफिसात पागनीसांच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून, आपण सहकुटुंब येत असल्याचं सांगितलं. हो म्हटलेल्या माणसांची संख्या चाळीसच्या वर गेली, तेव्हा कुठे पागनीसांना पहिल्यांदा घाम फुटला. पण घाम पुसता पुसताच तोडगा सुचला. त्यांनी समीरला घरी बोलावलं.

"हे बघ, कन्सोल जोडलेला डब्बा, म्हणजे ॲम्प्लिफायर, माझ्या मागे राहील. त्याच्या मागे तुझा छोटा ब्लूटूथ स्पीकर. तू शेवटी बसून मोबाइलवरून लावायचं. मी हात फिरवीन. ह्या वाद्यात हात घसरतोच फक्त, कोणाला काय कळतंय?"

"आयडिया सही आहे भिया. पण यूट्यूबवरचं लावलं तर कोणी ओळखेल."

"मग असं शोध की कोणी ओळखणारच नाही."

समीरनं शोधलं. त्याच्या काकांच्या कॅसेटच्या पेटीत, लेबल नसलेल्या एका कॅसेटवर कुठल्याशा जुन्या कार्यक्रमातली पहाडी धून होती, नुसती स्टील गिटार आणि तबला. तबला मागे इतका हलका होता की समीरनं तो मशीनवर पुसूनच टाकला. "काका गेले. आता हे कोणाचं आहे, अख्ख्या इंदुरात कोणी सांगू शकणार नाही," तो म्हणाला. पागनीस निर्धास्त झाले. रात्री आरशासमोर बसून त्यांनी हाताची आणि विशेषतः चेहऱ्याची तयारी केली. कुठे डोळे मिटायचे, कुठे मान हलवायची, कुठे दैवी हसायचं, सगळं पाठ.

रविवारी सुनंदाबाईंचा दिवाणखाना भरून बाहेर जिन्यापर्यंत माणसं. शुभदा दाराजवळ बसली, पळायला सोपं पडावं म्हणून. सुनंदाबाई पहिल्या खुर्चीवर. पागनीसांनी झब्ब्याच्या बाह्या सावरल्या, नव्या तारा चढवलेल्या कन्सोलला नमस्कार केला आणि समीरकडे पाहून मान हलवली.

धून सुरू झाली. पहिल्या मींडेलाच जिन्यावरचा गलका थांबला. साहेबांनी फोन खिशात घातला. पागनीस तर रंगूनच गेले. आपण नुसते हात फिरवतोय हे दुसऱ्या मिनिटाला ते स्वतःच विसरले. मध्येच, लय वाढते त्या ठिकाणी, त्यांच्या पाठीमागून कोणीतरी स्पष्ट खोकलं. मागे स्पीकर आणि भिंत यांशिवाय काही नव्हतं. पण पागनीस घाबरणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी तोंडावर हात नेला आणि आपणही खोकले. खोकला आधी आणि हात नंतर असं झालं खरं, शिवाय हात तोंडावर असताना गिटार वाजतच राहिली, पण लोकांना ती कलाकाराची कमाल वाटली. कडकडून टाळ्या पडल्या.

"वन्स मोर!" सुनंदाबाई एकदम ओरडल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

समीरनं पुन्हा लावलं. पुन्हा खोकला आला. या वेळी पागनीस वेळेवर होते.

"काय हात आहे!" सुनंदाबाई शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला मोठ्यानं म्हणाल्या. "ऐक, ऐक, ही जागा ऐक. अशी मींड घेणारा दुसरा होणे नाही. वन्स मोर!"

तिसऱ्या वेळी बेबीताईंनी पदराला डोळे पुसले आणि शुभदाच्या कानाशी लागून म्हणाल्या, "माफ कर गं. मी त्यांना फालतू बोलले. ते रियाज करून राहिले होते!"

अल्पोपहाराला माणसं पांगली. पागनीस कन्सोलचे पाय काढायला वाकले, तोच सुनंदाबाई जवळ आल्या. त्यांनी जमिनीवरून वायरचं एक टोक उचलून पागनीसांच्या हातात दिलं.

"ही लावायची राहिली अच्युतराव. गिटारीची वायर."

पागनीस वायरीकडे बघत राहिले. "काकू, ही... जुन्या वाद्यांत ना..."

"आणि सूर वर चढतो तेव्हा डावा हात उजवीकडे जातो. तुमचा कायम उलटा चालला होता. कॅसेट कुठे मिळाली?"

पागनीसांनी आयुष्यात पहिल्यांदाच खरं उत्तर देण्याआधी दुसरं कुठलं शोधलं नाही. "समीरच्या काकांकडे."

"तो खोकला आमच्या ह्यांचा. पहिल्या रांगेत बसायचे आणि लय वाढली की नेमके खोकायचे. किती सांगितलं, गोळी चघळत बसा."

"ते खोकत होते? मग वाजवत कोण होतं?"

"मी," सुनंदाबाई म्हणाल्या. "आता बोटं वाकत नाहीत म्हणून कापड घालून ठेवलीय. लोक येतात ते विचारतात, तुमच्या मिस्टरांची का? मी म्हणते, चहा घ्या."

पागनीसांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"पण तुमचे उपकार झाले हो. उभा जन्म मी स्टेजवर बसून वाजवलं, समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. बरी वाजवत होते मी, नाही?"

"काकू, फारच..."

"हं. आता अट. जो वाजवेल त्याची गिटार, असं ठरलं होतं. आज वाजवली कोणी?"

पागनीसांनी वायर हळूच खाली ठेवली.

"मी. मग गिटार माझी." त्यांनी भरतकामाचं कापड उचललं, झटकलं आणि कन्सोलवर नीट अंथरलं. "चला, कचोरी थंड होतेय."

घरी परतताना स्कूटरवर मागे बसलेली शुभदा पुढे झुकली. मग म्हणाली, "कळलं ना त्यांना?"

"पहिल्या सुरातच."

"तरी गप्प बसल्या?"

"त्यांना पूर्ण ऐकायचं होतं."

शुभदा हसायला लागली ती घर येईपर्यंत. पागनीसांना हसू येत नव्हतं, कारण फोन थांबत नव्हते. साहेबांना मुलाच्या रिसेप्शनमध्ये गिटार हवी होती. वन्संनी सांवेरच्या मंडळाला शब्दच देऊन टाकला होता. पागनीसांनी आधी तब्येतीचं सांगून पाहिलं, मग ऑडिटचं. शेवटी गुरुवारी संध्याकाळी ते आपणच स्नेहलतागंजात गेले आणि सुनंदाबाईंच्या दारात चपला काढून उभे राहिले.

"समीर नाही आणला?" बाईंनी विचारलं.

"नाही काकू. एकटाच आलोय. शिकायला."

सुनंदाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कापड बाजूला केलं, वायर स्वतः जोडली आणि पोलादी दांडा त्यांच्या मुठीतून सोडवून बोटांमध्ये नीट बसवून दिला. "आवळू नका. पक्षी नाही तो, उडून जायला. एक सूर लावा. एकच."

पागनीसांनी श्वास रोखून तार छेडली आणि दांडा सरकवला. खालच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी लावून घेतली. सुनंदाबाई डोळे मिटून आवाज पूर्ण विरेपर्यंत बसून राहिल्या.

"घाण वाजलं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही वाजवलंत. हं, परत."