बिडवे सरांची टाच

लातुरात आमच्या महाविद्यालयात भूगोल शिकवणारे बिडवे सर कुठेही बसण्यापूर्वी टाचेने जमीन ठोकत, मान तिरकी करून क्षणभर थांबत आणि मगच टेकत. लग्नाच्या पंगतीत, प्राचार्यांच्या दालनात, एसटीतसुद्धा. एसटीत कंडक्टर दचकून ओरडे, "ओ सर, गाडी थांबवू का काय?"

भूकंपानंतर सर भित्रे झाले आणि जमीन पक्की आहे ना, याची खात्री करून घेऊ लागले, असे लोक सांगतात. लोक काहीही सांगतात. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर उभी नोकरी काढली आहे. माझ्यासमोर असले पाठभेद चालणार नाहीत.

दुसरा पाठभेद सोन्याच्या शेअरचा. ते शिकवण्यांच्या भरभराटीचे दिवस होते. गल्लोगल्ली वर्ग निघाले होते, पार हदगाव-अर्धापूरची पोरे डॉक्टर व्हायला लातुरात येत होती आणि श्रीमंती सर्वांनाच हाताशी आल्यासारखी वाटत होती. आम्हा प्राध्यापकांचा एक निवृत्ती निधी होता. पगारातून कापून जमवलेला, म्हातारपणाचा तेवढाच आधार. भौतिकशास्त्राच्या जाधवांनी ठरावच आणला: हा निधी बँकेतून काढून, कर्नाटकात सोने शोधणाऱ्या एका नव्या कंपनीच्या शेअरांत घालावा. सोने अजून जमिनीत होते. भाव मात्र आभाळाला भिडला होता.

निधीचे खजिनदार बिडवे सर. त्यांच्या सहीशिवाय पैसा हलणे शक्य नव्हते.

"वरचं सोडा हो जाधव, खाली काय हाय?" सरांनी विचारले. हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. पंगतीत वाढलेल्या भाजीलाही ते तो विचारत.

"सोनं हाय ना, सर!"

"तुम्ही बघितलं?"

"शेअर घ्यायला खाणीत उतरावं लागत नसतं, सर!"

"मग मी बघून येतो."

उदगीरमार्गे सर आणि मी, दोघेच गेलो. खाण म्हणजे एक भला मोठा फलक, विहिरीसारखे एक खोल भोक आणि खुर्चीत पेंगणारा पहारेकरी. भोकाच्या तोंडाशी लोखंडी पत्रा होता. त्यावर बसण्यापूर्वी सरांनी सवयीने टाच ठोकली आणि मान तिरकी केली.

खालून उत्तर आले. ठक. ठक.

सर पांढरेफटक पडले. "माणूस हाय खाली! वर घ्या त्याला!"

"पाणी उपसाया उतरलाय, साहेब," पहारेकरी जांभई देत म्हणाला. "वरून ठोकलं की त्यानं पाईप वाजवायचा, असं ठरलंय."

"एकटाच हाय? आधी वर घ्या म्हणतो ना!"

मजूर वर आला तो करवादतच. "काम सोडून कशाला वढलं मला?" सरांनी स्वतःचा डबा उघडून धपाटे त्याच्या हातावर ठेवले आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिले. त्या वेळी बसण्यापूर्वी त्यांनी टाच ठोकली नाही.

परतीच्या एसटीत ते एकदाच बोलले. "भूकंपात बहिणीच्या घराच्या ढिगावर टाच ठोकून राहिलो होतो. दुपारपर्यंत खालून उत्तर येत होतं."

सभेत त्यांनी सही साफ नाकारली. "माणसाला असं एकट्याला खाली सोडणाऱ्यांच्या हवाली आपलं म्हातारपण करणार न्हाई."

शेअर चढत होता तोवर सर भित्रे ठरले. कंपनी बुडाली तेव्हा द्रष्टे अर्थतज्ज्ञ. सरांनी ताळेबंदातली मेख ओळखली, असे भाषण निरोप समारंभात खुद्द जाधवांनी ठोकले. दोन्ही गोष्टी खोट्या. ताळेबंद सरांनी उघडूनही पाहिला नव्हता. मी तिथे होतो.

हल्ली ते रोज संध्याकाळी माझ्याकडे येतात. खुर्चीपाशी टाच ठोकतात आणि मान तिरकी करून थांबतात. आतल्या खोलीतून मी फरशीवर काठी आपटतो. माझे चिरंजीव याला दोन म्हाताऱ्यांचा चळ म्हणतात. म्हणोत.

काठी वाजली की सर बसतात.