ऐसपैसरावांची दूरखेळ योजना

एका जंगलात एक हत्ती राहत होता. खरं तर त्या हत्तीच्या मालकीत एक जंगल राहत होतं म्हणा ना. पाणवठा त्याचा, पायवाटा त्याच्या. कोणता प्राणी कुठून कुठे गेला हे लक्षात ठेवणारे पोपटसुद्धा त्याचेच. हत्तीचं नाव ऐसपैसराव.

ऐसपैसरावांना नव्या योजनांची भारी हौस. योजना वाजतगाजत सुरू व्हायच्या आणि वर्षा-दोन वर्षांत गुपचूप बंद व्हायच्या. घरपोच मध योजना झाली. भाड्याने शेपूट योजना झाली. भाड्याने शेपूट घेतलेला ससा अजून झुडपाबाहेर येत नाही, पण ती गोष्ट वेगळी. हसू नका, मुलांनो. तुमचं शेपूट परत गेलं असतं म्हणजे कळलं असतं.

योजना बंद का व्हायच्या, ते सांगतो. ऐसपैसरावांच्या डोंगरावर वानरं कामाला होती. तिथला नियम असा, की जो नवी योजना सुरू करेल त्याला केळ्यांचा घड. जो चालू योजना नीट चालवत राहील त्याला शाबासकी, आणि तीही कोणाला आठवण झाली तर. आता वानरं झाली तरी काही खुळी नव्हती. योजना सुरू झाली रे झाली, की ती घड खांद्यावर टाकून पुढची योजना सुचवायला पळायची.

एके दिवशी सकाळी धनेश पक्षी झाडाझाडांवरून ओरडत फिरू लागला. धनेश हा ऐसपैसरावांचा प्रवक्ता. चोच एवढी मोठी, की आपण काय बोलतोय ते त्याचं त्याला दिसत नसे.

"ऐका हो ऐका! घरात खेळणी ठेवून अडगळ कशाला करता? सगळी खेळणी डोंगरावर जमा करा. खेळ आम्ही तिकडे मांडू. तुम्ही घरबसल्या खेळा! योजनेचं नाव दूरखेळ!"

डोंगराला एक उंच कडा होता. जंगलातून कुठूनही दिसायचा. त्या कड्यावर वानरांनी गेरूने रस्ते रंगवले, विहिरी रंगवल्या आणि अगदी टोकाला एक पिकलेला आंबा रंगवला. प्रत्येक खेळाडूला एक रंगीत खडा दिला. कड्यापासून प्रत्येकाच्या दारापर्यंत एक लांबच लांब वेल सोडला. दाराशी बसून वेलाला एक हिसका दिला, की कड्यावरचं वानर खडा एक घर पुढे सरकवणार. दोन हिसके दिले, की उडी. ज्याचा खडा आधी आंब्याला लागेल तो जिंकला.

सशांनी गोट्या जमा केल्या. मुंगसाने भोवरा दिला. अस्वलाने लगोरीचे दगड दिले. ती खेळणी पुढे कुठे गेली, असं विचारू नका. सगळं अटींमध्ये लिहिलेलं होतं. अटी जिराफाला वाचता येतील एवढ्या उंचीवर टांगल्या होत्या, आणि त्या जंगलात जिराफ नव्हता.

आता साळूबद्दल सांगतो. साळू ही साळिंदर. तिच्याकडे जमा करायला एकही खेळणं नव्हतं, कारण तिच्याशी कधी कोणी खेळलंच नव्हतं. खो-खोत तिला खो कोण देणार? पाठीला हात लावायची सोय नाही. आंधळी कोशिंबिरीत तिच्यावर राज्य आलं, की सगळ्यांना घरची कामं आठवायची. "साळू, तू आपली लांबून बघ हं," असं सगळे तिला अगदी प्रेमाने सांगायचे. साळूने जन्मभर लांबून बघितलं. तिला त्याचं फार वाईट वाटायचं, पण ते सांगणार कोणाला? सांगण्याइतकं जवळ कोणी बसत नव्हतं.

आणि आता लांबूनच खेळायची योजना निघाली! नाव द्यायला साळू सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली. तिच्या मागे दहा हात जागा सोडून बाकीची रांग लागली.

साळूला निळा खडा मिळाला. सकाळी उठावं, तोंड धुवावं आणि वेल धरून दारात बसावं, असा तिचा दिवस सुरू होऊ लागला.

खेळात थोडी गंमत होती. वेल इतका लांब होता, की साळूचे दोन हिसके कड्यावर पोचेपर्यंत खडा विहिरीत पडलेला असायचा. प्राण्यांनी तक्रार केली. धनेशने लगेच जाहीर केलं, "पडल्यानंतर उडी मारण्याची सोय देणारी ही जंगलातली पहिलीच योजना आहे!" प्राणी गप्प बसले. सोय आहे म्हटल्यावर बोलणार काय?

साळूला मात्र पडण्याचं दुःख नव्हतं. कारण तिच्याबरोबर एक लाल खडा खेळायचा. कोणाचा होता कोण जाणे. निळा खडा विहिरीत पडला, की लाल खडा काठावर थांबून राहायचा. निळा वर आला, की मगच पुढे जायचा. साळू जिंकली, की लाल खडा जागच्या जागी तीनदा नाचायचा. एवढ्या मोठ्या जंगलात रोज आपली वाट बघणारं कोणीतरी आहे, या विचाराने साळूला एकटीलाच हसू यायचं.

वर्ष झालं. एके दिवशी मुंगूस पायवाटेवरून जाता जाता म्हणालं, "दूरखेळ बंद होणार म्हणे. मी तर सोडलं बुवा. बंद होणाऱ्या योजनेत कोण राहणार?"

झालं. बंद होणार म्हणून दहा प्राण्यांनी नाव काढून घेतलं. दहा जण गेले म्हणून वीस जण गेले. कोणी खेळत नाही म्हणून डोंगरावर बंद करायची चर्चा सुरू झाली, आणि चर्चा सुरू झाली म्हणून उरलेलेही गेले. सगळे अगदी शहाणपणाने वागत होते.

मग धनेश आला. "दूरखेळ बंद होणार नाही! ऐसपैसराव योजनेशी पूर्णपणे बांधील आहेत!"

हे ऐकून साळूला घरपोच मध योजना आठवली. ती बंद व्हायच्या आदल्या दिवशी धनेश शब्दन् शब्द हेच बोलला होता. त्या जंगलात 'बंद होणार नाही' असं ऐकलं, की जाणते प्राणी सामान आवरायला घ्यायचे.

तिने कड्याकडे पाहिलं. शंभर खड्यांचे दोन उरले होते. एक निळा, एक लाल.

साळू उठली आणि डोंगर चढू लागली. वर ऐसपैसराव ऊस खात बसले होते.

"महाराज, दूरखेळ बंद होणार का हो?"

"छे छे! कोण म्हणालं? अहो, दूरखेळ म्हणजे आमची सर्वांत लाडकी योजना!" मग ऐसपैसरावांनी शेजारच्या वानराला हळूच विचारलं, "दूरखेळ म्हणजे रे कोणती?"

हत्तीचं हळू म्हणजे ते सगळ्या डोंगराला ऐकू गेलं.

"ती कड्यावरची, साहेब. खड्यांची."

"ती अजून चालू आहे? किती जण खेळतात?"

"दोन, साहेब."

"दोन? मग करा की बंद! आणि या बाईंना सांगा, काळजी करू नका, बंद होणार नाही."

वानराने साळूला तसं सांगितलं. शब्दाला पक्कं वानर होतं.

साळूचे डोळे भरून आले. निदान लाल खडा कोणाचा आहे ते तरी बघून जावं, म्हणून ती कड्यापाशी गेली. तिथे बजाबा नावाचं एक म्हातारं वानर बसलं होतं. बजाबाला नवं काही सुचत नसे, म्हणून डोंगरावर तो एकटाच उपयोगाचा होता. त्याच्या हातात साळूच्या दारातून आलेला वेल होता. लाल खड्याचा वेल मात्र मध्येच तुटून लोंबत होता.

"लाल खड्यावर कोण असतं हो?" साळूने विचारलं.

बजाबा कान खाजवू लागला. "कोल्हा होता. तिसऱ्या महिन्यातच गेला."

"मग रोज माझ्याशी कोण खेळतं?"

"त्याचं काय आहे बाई, खेळाडू गळायला लागलेत असं कळवलं असतं, तर योजना त्याच दिवशी गुंडाळली असती. म्हणून मी कोल्हा धरूनच आकडा कळवत राहिलो. मग म्हटलं, खोटं तरी कशाला बोला? कोल्ह्याच्या जागी मीच खेळायला लागलो."

"म्हणजे आपलं काम टिकावं म्हणून."

"सुरुवातीला तेवढ्यासाठीच," बजाबा म्हणाला. "मग एकदा दोन दिवस तुमचा वेल हललाच नाही. मला जेवण गेलं नाही."

"मला ताप आला होता."

"मला वाटलं, तुम्हीपण सोडलं."

साळूचे काटे, मुलांनो, रागाने नव्हे आणि भीतीने नव्हे, तरी उभे राहिले. बजाबा चार हात मागे सरकला, पण उठून गेला नाही.

तेवढ्यात ओली फडकी घेऊन पाच-सहा वानरं आली आणि कडा पुसू लागली. पहिल्यांदा आंबा गेला. मग विहिरी गेल्या.

"बजाबा," साळू घाईने म्हणाली, "आपण असंच खेळूया की. तुम्ही तिकडे बसा, मी इकडे बसते. मध्ये चार रेघा मारू."

बजाबाने खूप विचार केला. त्याला ते मनापासून आवडलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"पण ते कोणत्या योजनेत बसतं?" त्याने विचारलं.

साळूनेही खूप विचार केला. तिलाही सांगता येईना.

"शिवाय उद्यापासून माझी बदली आहे," बजाबा म्हणाला. "दूरझोप योजनेत. प्राण्यांनी घरी खुशाल जागत बसायचं. त्यांच्या वाट्याची झोप आम्ही इकडे डोंगरावर काढायची. झोप हवी असेल त्याने वेल ओढायचा."

"कोणी नाव दिलं का?"

"एकानेही नाही. दूरखेळचं बघून सगळे सावध झालेत."

"आणि माझ्या वाट्याची झोप झाली, हे मला कळणार कसं?"

"मी इकडून एक हिसका देईन ना."

साळू पुसलेल्या कड्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "ही तरी बंद होणार नाही ना?"

बजाबाने आजूबाजूला पाहिलं. धनेश कुठे दिसत नव्हता.

"होणार," तो म्हणाला.

साळूचा जीव भांड्यात पडला.

"कधी?"

"दोन वर्षं तरी जातील."

"मग घाला माझं नाव," साळू म्हणाली.

तात्पर्य : मोठ्यांच्या प्रत्येक नव्या योजनेवर लहानांनी मनापासून विश्वास ठेवावा. लहानांनी विश्वासच ठेवला नाही, तर मोठ्यांनी बंद करायचं तरी काय?