कांतो, कांतास, कांता

चौतीस वर्षं बालाघाटच्या शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाला स्पॅनिश क्रियापदाची कसली भीती? आमच्या मुलीला, रचनाला, मी फोनवर हेच ऐकवलं. ती स्पेनमध्ये नोकरी करते. तिची तिथली घरमालकीण पुढच्या महिन्यात आमच्याकडे पाहुणी येणार होती, आणि तिच्याशी तिच्याच भाषेत दोन वाक्यं बोलायची असं मी ठरवून टाकलं होतं.

"बाबा, एकच क्रियापद पाठ करा," रचना म्हणाली. "कांतार, म्हणजे गाणे. शेवटचा 'आर' काढायचा आणि प्रत्यय लावायचे. बाकीची शेकडो अशीच चालतात."

सकाळी झाडांना पाणी घालताना मी सुरू केलं. कांतो, मी गातो. कांतास, तू गातोस. कांता, ती गाते. पुढे कांतामोस, कांताइस, कांतान. किती वर्षांनी जीभ अशी ठेक्यात चालली! वर्गातली चाळीस पोरं मागे डोलत आहेत असंच वाटायचं. तिसरं रूप मात्र सारखं निसटायचं, म्हणून मी तेच घोकायचो. कांता, कांता, कांता.

तिसऱ्या दिवशी माझी बायको शेवंता माझ्याशी बोलेनाशी झाली. चौथ्या दिवशी तिचा थोरला भाऊ महागू खैरलांजीहून मोटारसायकलवर हजर. बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "जावईबापू, हे कांता कोन व्हय?"

मला हसू आलं. तिथंच चुकलं.

"दादा, कांता म्हणजे गाते."

"गाते बी काय? कुठची आहे?"

"स्पेनची."

स्वयंपाकघरात भांडं आदळलं. शेजारच्या अनुसयाबाई कुंपणाशी आल्या. "मी म्हनत नव्हती काय, वहिनी? रोज पानी घालतानी तिचंच नाव घेऊन राह्यले."

"अहो, कांता तृतीय पुरुष आहे."

"पुरुष?" नुकताच खाटेवर टेकलेला महागू उठलाच.

शेवटी रचनाला फोन लावला. आधी ती पोट धरून हसली, मग तिनं आईला सगळं नीट समजावलं. शेवंता पदरानं डोळे पुसत बाहेर आली.

महागू परत खाटेवर टेकला आणि म्हणाला, "आमची शेवंता बी गात होती. रोवन्याच्या टायमाले धानाच्या बांधीत हे पह्यली ओळ म्हने, मंग मागून वीस बाया. 'गात होती' हे तिकडे कसं म्हनते?"

"तो भूतकाळ, दादा. मला फक्त वर्तमानकाळ आला आहे."

"मंग आताच गाय ना, बाई," तो बहिणीला म्हणाला.

शेवंता लाजली, पण हळूच एक ओळ म्हणाली. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातली, भाताच्या चिखलातली. आवाज तोच. दुसरी ओळ मात्र तिला आठवेना. महागूलाही आठवेना. दोघं माझ्याकडे पाहू लागले.

"तुमाले त आठवत असन," शेवंता म्हणाली. "सुटी असली का बांधावर बसून दिवसभर आयकत जात होते."

मी मान खाली घातली. आता मेहुण्यासमोर कसं सांगू, की तेव्हा बांधावर बसून मी गाणं ऐकतच नव्हतो.