फेलबी हॉलची थोडीशी ओल

घर बांधायला पैसा पुरतो. घर रीतसर पडायला मात्र घराणं लागतं. इंग्लंडात लिंकनशायरमधला फेलबी हॉल हा वाडा आजच्या अवस्थेला आणायला गार्सडेल घराण्याच्या सहा पिढ्या खपल्या, आणि एकाही पिढीने अंगचोरपणा केला नाही.

पहिल्याने, जोसायाने, साखरेच्या व्यापारावर हॉल उभारला. (ऊस कोणी तोडला, हे घराण्याच्या इतिहासात जागेअभावी आलेलं नाही.) उजवीकडे जितक्या खिडक्या तितक्याच डावीकडे हव्यात, म्हणून जिथे खोलीच नव्हती तिथे त्याने भिंतीवर खिडक्या रंगवून घेतल्या. हॉलच्या आजवर न फुटलेल्या खिडक्या त्याच. दुसऱ्याने वास येऊ नये म्हणून स्वयंपाकघर लांब नेलं. वास आला नाही, सूपही गरम आलं नाही, आणि थंड सूप ही घराण्याची परंपरा ठरली. तिसऱ्याने दिवाणखान्यातून दिसणारं खेडं उठवलं आणि त्या जागी कोरा करकरीत पडका मठ बांधून घेतला. तेव्हा प्रतिष्ठितांत तशी पद्धतच होती. गवंड्यांनी सवयीने एक कमान धड बांधली, ती त्याने पुन्हा नीट मोडकी करून घेतली. त्या मठाचा एक चिराही अजून हललेला नाही. चौथ्याने काहीच केलं नाही, आणि तेही मनापासून. पाचव्याने घोड्यांच्या शर्यतीपायी छपरावरचे शिशाचे पत्रे विकले. पुढचं काम पावसाने विनामोबदला केलं.

सहावा ऑबरी. सत्तरीला टेकलेला, अंगात आजोबांचा कोट. तो आणि बायको डॉर्कस नोकरांच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहत. उरलेला हॉल रविवारी तिकीट लावून लोकांना दाखवत. यंदा निजायच्या खोलीचं छप्परही खचलं. भोक पडलं ते बरोबर पलंगावर.

पण हॉल आता संरक्षित अवशेष होता. घराची दुरुस्ती करता येते. अवशेषाला हात लावायचा तर रहिवाशांची असह्य गैरसोय सिद्ध व्हावी लागते. ती तपासायला वारसा मंडळाच्या मिस प्रूएट येणार होत्या.

डॉर्कसने नवऱ्याला समोर बसवलं. "नीट ऐक. ती विचारेल, त्रास होतो का. तू म्हणायचं, हो. एकच शब्द. हा खोकला घेऊन आणखी एक हिवाळा मी इथे काढायची नाही. जमलं नाही, तर मी चालले लीड्सला, बहिणीकडे."

ऑबरीने दाढी करताना, बुटांना पॉलिश करताना तो शब्द घोटला.

मिस प्रूएट आल्या त्या दिवशी पाऊस कोसळत होता. पाहणी निजायच्या खोलीत, म्हणून चहाही तिथेच. बाईंनी छत्री उघडली. त्यांच्या कपात थेंब पडू नयेत म्हणून ऑबरीने वर बशी धरली.

"गार्सडेलसाहेब, गळतीचा त्रास होतो का?"

डॉर्कस नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पण पाहुण्यासमोर तक्रार गार्सडेलांत बसत नाही. छज्ज्याचा दगड डोक्यात पडला तेव्हा आजोबा पाहुण्यांना "आज जरा वारा आहे" एवढंच म्हणाले होते. (पुढे काही म्हणाले नाहीत.)

"छे, छे," ऑबरी म्हणाला. "थोडीशी ओल आहे, इतकंच. बिस्कीट घ्या ना."

"आणि बाईसाहेबांना?"

डॉर्कस बोलायला गेली, तर खोकल्याची उबळ आली.

"तिला मोकळी हवा आवडते," ऑबरी म्हणाला.

मंडळाचा निर्णय आला: रहिवासी समाधानी, भोक आहे तसं जपावं, विशेषतः त्याच्या कडा.

डॉर्कसची पेटी बसथांब्यापर्यंत ऑबरीनेच उचलली. बस वळणावर दिसली तेव्हा ती म्हणाली, "थांब म्हणालास, तर थांबते मी."

ऑबरीच्या ओठांशी काहीतरी आलं. त्याने रस्त्याकडे पाहिलं.

"आज वेळेवर आहे वाटतं बस."

"आहे खरी," ती म्हणाली आणि चढली.

आता रविवारी सगळ्यात जास्त गर्दी निजायच्या खोलीत असते. छप्पर व्हायला हवं होतं, अशी हळहळ प्रत्येक जण व्यक्त करतो. तुम्हीही आत्ता केलीतच. पण धड कौलं घातलेलं कोरडं घर बघायला तुम्ही तिकीट काढलं नसतं, की हे इथवर वाचलंही नसतं. तेव्हा खुशाल या. भोकातून उतरणारा उजेड फोटोत सुरेख येतो. मध्येच पलंगावर एक म्हातारा बसलेला असेल, त्याला जरा बाजूला व्हायला सांगा. तो होईल.