सगुणाच्या नावाची नळी

कान्हूनं चहा केला, तेव्हा सगुणा बघतच राहिली. लग्नाला एकतीस वर्षं झाली. साखरेचा डबा कुठं असतो, हेही या बाबाला ठाऊक नव्हतं. आणि आज कप बशीसकट हातात!

"उठू नको गो. बसूनच पी."

कारण होतं पेणच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला रिपोर्ट. महिन्यामागे धरमतरच्या खाडीकाठी एका कॉलेजच्या मुली तपासणीला आल्या होत्या. पाळी गेलेल्या प्रत्येक बाईला त्यांनी नावाची चिठ्ठी लावलेली नळी दिली. सकाळी उठल्याबरोबर, तोंडात काही घालायच्या आत, तीत थुंकी भरायची. सगुणाच्या थुंकीत निघालं ते असं: इस्ट्रोजेन शरीरात ज्याला जाऊन चिकटतं, त्या रिसेप्टरच्या जीनमध्ये जरासा फरक आहे. "आजार झालाय असं नव्हे," बाई म्हणाल्या, "पण हाडं विरळ व्हायचा धोका थोडा जास्त. जपा."

'थोडा' हा शब्द कान्हूनं पेणलाच सोडला. रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून कासू स्टेशनला उतरला की तडक घरी येऊन तो पाणी भरायचा, भात टाकायचा. एकदा तर भर आळीत भांडी घासायला बसला. येणाऱ्याजाणाऱ्या बायका थबकून बघू लागल्या.

सगुणाला लाज वाटे आणि, खरं सांगायचं तर, गोडही वाटे. पण एक गोष्ट तिनं लपवली होती. थुंकी तिची नव्हतीच मुळी! त्या दिवशी सवयीनं तिनं मशेरी लावली, आणि तोंड भरल्यावर नळी आठवली. मुली तर नळ्या न्यायला अंगणात येऊन ठेपलेल्या. तिनं ती नळी कुडापलीकडे राहणाऱ्या धाकट्या नणंदेच्या, मैनाच्या हातात कोंबली. "वन्सं, तेवढी भरून द्या. मिठागरावर नाय का आपण एकमेकींच्या बदली जात?"

म्हणजे विरळ हाडं मैनाची! आणि ती बिचारी रोज डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहतेय. इकडं आपले लाड, तिकडं तिच्या मणक्याचा भुगा. सगुणाला स्वतःचाच राग येई, आणि तेवढ्यात कान्हू पुन्हा चहा आणून देई.

चौथ्या दिवशी तो तिच्या पायांना तेल चोळायला बसला, तेव्हा तिला राहवेना. समोरून मैना लाकडांचा भारा घेऊन येत होती. पाय ओढून घेत सगुणा ओरडली, "वन्सं, टाका तो भारा खाली! रिपोर्ट माझा नाय, तुमचा हाय! मी मेली गप बसून लाड करून घेतले." आणि ती रडायलाच लागली.

मैनानं भारा टाकला आणि पदर तोंडाला लावला. "माझा कुठला गो वहिनी? मीपन मशेरी लावून बसलेले. घरात सकाळी कोरं तोंड एकच. दादाला दिली मी नळी."

दोघींनी कान्हूकडे पाहिलं. तेलाची वाटी धरून तो खाली मान घालून बसला होता.

"बाप्याची थुंकी चालते व्हय?" सगुणानं विचारलं.

"बाईंना हळूच विचारलं मी. तो जीन बाप्यांतपन असतो. आमची हाडंपन त्याच्याच भरवशावर हायत."

"म्हंजे तुमाला पयल्यापासून म्हायत होतं? मग माझे लाड कशाला?"

कान्हूनं वाटी खाली ठेवली. "बाई बोलल्या, पाळी गेल्यावर बायांची हाडं भराभर झिजतात. म्हटलं, मी खुर्चीत बसून मशीन बघतो, तरी माझ्या कागदावर असं. तू तर तीस वर्सं मीठ वाहिलंस. तुझ्या हाडांचं काय झालं असंल? भ्यालो गो मी."

 सगुणानं डोळे पुसले, वाटी उचलली आणि आवाज चढवला.

"उद्या तिघंपन पेणला जाऊन हाडं तपासून येऊ. आता पाय करा इकडं."