सहा महालांचे डिझाइन आणि केतकीबाईंचे गणित

श्रीविद्युल्लता प्रसन्न. वीज न जावो, वायफाय अखंड राहो, लॅपटॉपास आरोग्य असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाखमासी एका राज्याचे अभियांत्रिकी प्रांती जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. त्या प्रांतीचा दस्तूर ऐसा की, सत्राअखेर तिघातिघांच्या तुकडीने सॉफ्टवेअरचे डिझाइन करून हुजूर दाखवावे, आणि हुजुरांनी फायलीवर सही करावी, आणि सही जाहली तरच परीक्षेचे हॉलतिकीट हाती यावे. हुजूर म्हणजे प्राध्यापिका सरपोतदार, चष्मा कपाळी ठेवून सर्व काही पाहणाऱ्या. डिझाइन आधी काढावे आणि प्रोग्रॅम मग लिहावा ऐसे त्या सत्रभर शिकवीत आल्या, आणि सर्व तुकड्या प्रोग्रॅम आधी लिहून डिझाइन मग काढीत आल्या, आणि याविषयी कोणी कोणास बोलत नसे.

त्यांपैकी एका तुकडीत केतकी दाभाडे, निहार पडवळ आणि शब्बीर मुल्ला ऐसे त्रिवर्ग होते. वसतिगृहाचे मेसमध्ये उद्या किती जण जेवणार हे आचाऱ्यास आदल्या दिवशी सांगणारा प्रोग्रॅम करावा, ऐसी मसलत ठरली. मग प्रोग्रॅम केतकीबाईंनी लिहावा, अहवाल शब्बीरमियांनी, आणि आकृत्या पडवळांनी काढाव्या, ऐसी वाटणी जाहली. केतकीबाईंचे मागील सत्राचे गणित राहिले होते, आणि यंदाही राहिले तर वर्ष वाया जाणार, ऐसा प्रसंग. म्हणोन त्यांनी नावनोंदणी आणि मोजदाद ऐसे दोनच महाल, म्हणजे प्रोग्रॅमचे विभाग, बांधिले, आणि गणिताचे पुस्तक उघडिले. इतक्यात पडवळांनी आकृती काढून परस्पर हुजुरांस दाखविली. आकृतीत महाल सहा. तक्रारी, आवडीनिवडी, पाहुणे आणि उपासकरी यांचे महाल अधिक. हुजुरांस परम संतोष जाहला आणि "परवा सगळं बघते" ऐसी आज्ञा जाहली. मग केतकीबाईंनी पडवळांस पुसिले, "निहार, हे वरचे चार कुठून आले?" पडवळ म्हणाले, "आकृती रिकामी वाटत होती." "मग फुलं काढायचीस." "चिडू नको गं, चौकटी तयार आहेत, तुला फक्त भरायच्यात." शब्बीरमिया म्हणाले, "अहवालात मी सहाच लिहिलेत हां. स्पायरल बाइंडिंगही झालं." आणि बाइंडिंग जाहल्यावर सत्य बदलावे लागते, हाही त्या प्रांतीचा दस्तूर.

मग केतकीबाईंनी गणित मिटले आणि प्रोग्रॅम उघडिला, आणि तक्रारींचा महाल उभा केला तो मोजदादीचा ढासळला, आणि तो सावरला तो नावनोंदणीत प्रत्येक जण दोनदा जेवू लागला, आणि उपासकऱ्यांस मटण जाऊ लागले, आणि पडवळ शेजारी बसून चौकटींस रंग देत राहिले, आणि शब्बीरमिया चहा आणीत राहिले, कुमक एवढीच. अखेर सहाही महाल उभे राहिले, आणि गणितातील लाप्लासचे प्रकरण तसेच राहिले. नेमल्या दिवशी हुजुरांनी आकृती पाहिली, अहवाल चाळिला आणि सही केली. केतकीबाई लॅपटॉप पुढे करून म्हणाल्या, "मॅडम, हे चालतं. दाखवू?" हुजूर म्हणाल्या, "राहू दे गं. विषयाचं नाव डिझाइन आहे. चालतं का, हे मी विचारलंच नव्हतं. आकृत्या कोणाच्या?" पडवळांनी मान लववून "माझ्या" म्हटले, आणि तुकडीतील सर्वांत अधिक गुण त्यांचे पदरी पडले.

केतकीबाई हॉलतिकीट घेऊन जिन्यावर बसल्या. गणिताचा पेपर उद्यावर. पडवळ येऊन म्हणाले, "लाप्लास राहिलाय ना? दे, काढून देतो." "तुझं काढणं पुरे झालं." "अगं, बघ तरी." मग पडवळांनी कोणत्या प्रश्नास कोणत्या वाटेने जावे हे अवघे प्रकरण चौकटी आणि बाण काढून मांडिले, आणि सत्रभर न उमगलेले ते एका दुपारी उमगले, आणि ही गोष्ट केतकीबाईंचे जिवास फार लागली.

सारांश. केतकीबाई गणितात काठावर उत्तीर्ण जाहल्या, वर्ष वाचले. आभार मानणे भाग पडले, तेही मानिले. नवे सत्र लागताच हुजुरांनी पुसिले, "या वेळी तुकडीत कोण हवं?" केतकीबाई म्हणाल्या, "मॅडम, मी एकटी." हुजूर म्हणाल्या, "तशी सोय नाही. आणि निहारने तुझं नाव सकाळीच दिलंय."