दोन घोड्यांचं अंतर

रेकॉर्डसाहेबांनी घोडेस्वारीच्या क्लबात नाव घातलं ते घोड्यांच्या प्रेमापोटी नव्हे. घोडा 'कसे आहात?' असं विचारत नाही, एवढ्या एका गुणावर.

बायको जाऊन दहा महिने झाले होते. ऑफिसच्या रेकॉर्डरूममध्ये जो येई तो आधी मान कलती करी, आवाज अर्धा करी आणि विचारी, "कसे आहात?" साहेब "बरा आहे," म्हणत आणि फाइल शोधायला लागत. (काही जणांना फाइल नकोच असे. साहेब तरी एखादी हातात देऊन त्यांना वाटेला लावत.)

वरच्या मजल्यावर राहणारी ताई म्हणाली, "रविवारभर भिंतीकडे बघत बसतोस. जा बाबा कुठेतरी." म्हणून साहेब गेले.

तबेल्याच्या भिंतीवर नियमांची पाटी होती. साहेबांची नजर चौथ्या नियमावर पडली आणि तिथेच अडकली: 'लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल रिबन बांधावी. इतरांनी त्यापासून दोन घोड्यांचं अंतर ठेवावं.' दोन घोड्यांचं अंतर! ऑफिसात अशी सोय असती तर साहेबांनी पगार कमी घेतला असता.

त्यांच्या वाट्याला आलेली घोडी तेवीस वर्षांची होती. सगळे तिला आजी म्हणत. तिने जन्मात माशीवरसुद्धा पाय उगारला नव्हता. पुढच्या रविवारी साहेबांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली लाल रिबन हातभर कापून नेली आणि आजीच्या शेपटीला बांधून टाकली.

"मारते हो कधी कधी," ते शिकवणाऱ्या बाईंना म्हणाले.

बाईंनी घोडीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि "बरं," म्हणाल्या.

साहेबांनी पाचवा नियम वाचला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. रिबनवालं घोडं रांगेत सगळ्यांत शेवटी चालतं. आणि सहावा: फाटक, रस्ता किंवा पाणी आलं की शेवटचा स्वार पार होईपर्यंत पुढच्यांनी थांबायचं, कारण सोबती दूर गेले की मागचं घोडं बिथरतं. त्या रानवाटेवर फाटकं चार, रस्ते दोन आणि ओढा एक. म्हणजे एकांतासाठी आलेल्या माणसाची, सात वेळा, दहा घोडे आणि दहा माणसं मागे वळून वाट बघत उभी!

"या, या! सावकाश!" निवृत्त नर्सबाई ओरडायच्या.

"जमतंय ना?" दातांचे डॉक्टर विचारायचे.

साहेब हेल्मेटच्या आत घामाघूम. आजी मात्र बाजार बघायला निघाल्यासारखी रमतगमत.

रिबन चिखलाने माखायची. साहेब ती दर शनिवारी धुऊन इस्त्री करत. एकदा ताईने पाहिलं.

"हे काय रे?"

"रिबन."

"दिसतंय. कोणासाठी?"

"आजीसाठी. उद्या बांधायचीय."

ताई मटकन खुर्चीत बसली. "आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली रे," ती हळूच म्हणाली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. सगळा खुलासा ऐकल्यावरही तिने तो हात लगेच काढला नाही.

सहाव्या रविवारी ओढ्यात, बरोबर मधोमध, आजी थांबली. पाणी प्यायली. मग पाण्यात स्वतःचं तोंड बघत राहिली. साहेबांनी टाचा लावल्या, लगाम हलवला, विनवण्या केल्या. पलीकडे दहाही जण थांबलेले.

"जा हो पुढे!" साहेब ओरडले. "माझ्यासाठी कशाला थांबता?"

"नियम आहे," बाई म्हणाल्या.

"मला नाही आवडत कोणी थांबलेलं!"

आवाज जरा चढलाच. एक घोडा फुरफुरला.

"आमची ही थांबायची," साहेब म्हणाले. आपण बोलतोय हे त्यांना स्वतःचा आवाज ऐकल्यावरच कळलं. "ती चालायची भरभर, मी हळू. मग प्रत्येक कोपऱ्यावर उभी राहायची, दुकानाच्या काचेत काहीतरी बघतेय असं दाखवत. रद्दीवाल्याच्या दुकानाला तर काचच नव्हती. तिथेही बघायची."

नर्सबाईंना हसू फुटलं. मग डॉक्टरांना. मग साहेबांनाही. (दहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही ओढ्यात.)

"या खेपेला तेवढी थांबली नाही," ते म्हणाले.

पलीकडे कोणाचीही मान कलती झाली नाही. "आम्हाला घाई नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आजीचं होऊ द्या."

आजीचं झालं तेव्हा साहेब पलीकडे पोचले, खाली उतरले आणि मागे जाऊन शेपटीची रिबन सोडली. ती हातात धरून, आजीकडे पाठ आणि भोवती जमलेल्या सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

"ही लाथ मारत नाही. मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "शिंगरू होती तेव्हापासून माझ्याकडे आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"रिबन कोणाला हवी होती ते दिसत होतं ना."

साहेबांनी रिबनीची घडी करून ती खिशात घातली. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि आजीने जन्मातली पहिली लाथ मारली. जोर फारसा नव्हता. नेम मात्र अचूक होता.

"नियम पहिला," बाई त्यांना उठवत म्हणाल्या, "घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही. तुम्ही पाटीवरचा चौथाच तेवढा वाचलात वाटतं?"

सोमवारी रेकॉर्डरूममध्ये हिशेबनीस आला. मान कलती, आवाज अर्धा. "कसे आहात?"

"उभा आहे," साहेब म्हणाले. "बसता येत नाही. का, ते सांगू?" आणि त्यांनी रिबनीपासून लाथेपर्यंत, रद्दीच्या दुकानासकट, पाऊण तास सांगितलं. मंगळवारी टायपिस्टला सांगितलं. बुधवारी दोघांनाही पुन्हा.

आता ऑफिसातले लोक रेकॉर्डसाहेबांपासून दोन घोड्यांचं अंतर ठेवून चालतात.